भाकर, हळद आणि नरक्या

अकोल्याहून वाशिमकडे जाताना पातूर ओलांडलं की घाट लागतो. या भागातल्या शेतांत एके काळी खरिपाची ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाईल इतकी उंच उभी असायची. आज तिथे बहुतेक ठिकाणी सोयाबीन आणि त्यात तुरीचे तास दिसतात. १९९० नंतर साऱ्या वऱ्हाडात हे घडलं. ज्वारीला भाव नाही, पाखरं आणि रानडुकरं राखायला माणूस नाही, कापणी-खुडणीची मजुरी परवडत नाही. कडबा विकत घ्यावा लागतो हे दुःख शेतकरी बोलून दाखवतो. पण ज्वारीबरोबर ताटातून आणखी एक गोष्ट कमी होत गेली आणि तिचा हिशेब बाजार समितीत होत नाही. तो हिशेब मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरात होतो.

या प्रकरणाचा विषय मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग आहे. या रोगाच्या पेशी कशा वाढतात, कशा मरतात आणि त्या वाढण्या-मरण्यावर आपलं खाणं आणि डॉक्टरांची औषधं कसा परिणाम करतात, हे पाहायचं आहे. २०२२ साली जगात या रोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. भारतात ही संख्या ७० हजारांच्या आसपास होती. लोकसंख्या पाहता आपला आकडा लहान आहे आणि ग्रामीण महाराष्ट्रात तर तो आणखी लहान आहे. देशातली पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली. खेड्यांसाठीची पहिली नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला सुरू झाली. बार्शीच्या गावांत तोंडाचे आणि गर्भाशयमुखाचे कर्करोग भरपूर सापडले, पण मोठ्या आतड्याचे फार थोडे, मुंबईपेक्षाही कमी. खेड्यात तपासणी कमी होते हे त्याचं एक कारण असणार. तेवढंच कारण मात्र नसावं. बार्शी ज्वारीचा मुलूख आहे, जसं वऱ्हाड होतं.

आतड्याचं अस्तर जवळून पाहिल्याशिवाय पुढचं समजणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ते सपाट दिसत नाही. त्यात एक कोटीहून अधिक बारीक खळगे असतात आणि प्रत्येक खळगा एखाद्या अरुंद विहिरीसारखा खोल गेलेला असतो. तळाशी मोजक्या मूळपेशी असतात. त्या सतत विभागतात. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात. वर चढता चढता पेशी विभागणं थांबवतात, श्लेष्मा स्रवायचं किंवा पाणी-क्षार शोषायचं काम हाती घेतात आणि काठावर पोहोचल्या की मरून गळून पडतात. तळापासून काठापर्यंतचा हा प्रवास चार-पाच दिवसांचा. म्हणजे आपल्या आतड्याचं अस्तर आठवडाभरही जुनं नसतं.

हे मरण अपघाती नसतं. पेशी आतून ठरवून, शिस्तीने मरते. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तीन संशोधकांनी या मरणाचं वर्णन केलं आणि त्याला अपोप्टोसिस हे नाव दिलं. पेशी आक्रसते, तिचा डीएनए तुकड्यांत कापला जातो, पटलावर फुगवटे येतात आणि शेजारच्या पेशी ते अवशेष गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही. कर्करोग म्हणजे नुसती बेसुमार वाढ, असा आपला समज असतो. खरं तर वाढीइतकाच तो न मरण्याचा रोग आहे. या रोगाच्या दहांपैकी सुमारे आठ गाठींत एपीसी नावाचं जनुक बिघडलेलं सापडतं. हे जनुक वर चढणाऱ्या पेशीला ‘आता विभागणं पुरे’ असा हुकूम देतं. हुकूम पोहोचला नाही की पेशी खळग्यातच साचत जातात आणि त्यांचा कोंब बनतो. या कोंबाला पॉलिप म्हणतात. पुढे केआरएएस आणि पी५३ ही जनुकंही बिघडत जातात. पी५३ हे तर पेशीला मरणाचा आदेश देणारं प्रमुख जनुक. साध्या पॉलिपपासून कर्करोगापर्यंत जायला साधारण दहा वर्षं लागतात.

ही दहा वर्षं लक्षात ठेवावीत. खाण्याचा प्रभाव मुख्यतः याच काळात आणि त्याआधी असतो.

ज्वारीबरोबर ताटातून कमी झालेली ती गोष्ट म्हणजे तंतू, अन्नातला न पचणारा भाग. ज्वारीच्या शंभर ग्रॅम दाण्यात सुमारे १० ग्रॅम तंतू असतो. तुरीच्या डाळीत ९ ग्रॅम. पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम ३ ग्रॅम. वऱ्हाडातलं जुनं जेवण डोळ्यांसमोर आणलं तर भाकर, वरण, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी, हिवाळ्यात तुरीचे सोले, हरभऱ्याचे घाटे असं ताट दिसतं. तिखट आणि तेल भरपूर, पण त्याबरोबर न पचणारा भागही भरपूर. हा भाग लहान आतड्यात पचत नाही. तो जसाच्या तसा मोठ्या आतड्यात येतो आणि तिथले अब्जावधी जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात. त्यांच्या आंबवण्यातून तीन आखूड साखळीची आम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरेट आपल्या कामाचं आहे.

आतड्याच्या निरोगी पेशी आपल्या गरजेच्या साठ ते सत्तर टक्के ऊर्जा ब्युटिरेट जाळून मिळवतात. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या पेशी आपलं मुख्य इंधन असं जिवाणूंकडून घेत नाहीत. कर्करोगाच्या पेशीची तऱ्हा वेगळी असते. तिला साखरेची चटक लागलेली असते आणि ब्युटिरेट ती फारसं जाळत नाही. न जळलेलं ब्युटिरेट पेशीत साचतं, केंद्रकात शिरतं आणि एका एन्झाइमला अडवतं. डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, त्यांवरच्या रासायनिक खुणा पुसण्याचं काम हे एन्झाइम करतं. ते अडलं की बंद पडलेली जनुकं पुन्हा वाचली जाऊ लागतात. वाढ थांबवणारी आणि मरण घडवणारी जनुकं त्यांत असतात. एकच रेणू निरोगी पेशीला पोसतो आणि बिघडलेल्या पेशीला मरणाकडे ढकलतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्कॉट बल्टमन यांच्या गटाने या दुहेरी वागण्याचं कारण पेशीच्या इंधनाच्या निवडीत आहे हे दाखवलं. या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा शोध हाच.

हे प्रयोगशाळेत झालं. माणसाच्या आतड्यात काय होतं? २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग त्याचं उत्तर देतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागातले वीस कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले वीस लोक निवडले. एका गटात हा कर्करोग फार, दुसऱ्यात अत्यल्प. दोन आठवडे त्यांच्या जेवणाची अदलाबदल केली. अमेरिकेतल्या लोकांना रोज ५५ ग्रॅम तंतू मिळेल असं मका-कडधान्याचं जेवण दिलं आणि आफ्रिकेतल्या लोकांना मांस-चरबीचं. आधी आणि नंतर दुर्बिणीने आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासले. अमेरिकेतल्या गटात ब्युटिरेट अडीच पटींनी वाढलं, आतड्याला डिवचणारी दुय्यम पित्ताम्लं सत्तर टक्क्यांनी घटली आणि खळग्यांतल्या विभागणाऱ्या पेशींचं प्रमाण कमी झालं. आफ्रिकेतल्या लोकांत सगळं उलट घडलं. फक्त चौदा दिवसांत! आतड्याची पेशी आपलं ताट किती लवकर ओळखते हे यातून कळतं.

चौदा दिवसांत पेशींची चाल बदलणं म्हणजे कर्करोग टळणं मात्र नव्हे, आणि इथे प्रामाणिक राहायला हवं. आफ्रिकेत काम केलेल्या डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाने १९७१ मध्ये तंतूचा सिद्धान्त जोरात मांडला. त्यानंतर युरोपातल्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीतून २००३ मध्ये असा निष्कर्ष आला, की कमी तंतू खाणाऱ्या समाजांनी तंतू दुप्पट केला तर हा रोग चाळीस टक्क्यांनी घटू शकतो. पण पॉलिप काढून टाकलेल्या रुग्णांना जास्त तंतू आणि भाज्या देऊन चार वर्षं पाहिलं तेव्हा नव्या पॉलिपांत फरक पडला नाही. तो निकाल २००० सालचा. मला यात विसंगती वाटत नाही. रोगाला दहा वर्षं लागतात आणि चाचणी चार वर्षांची होती, तीही आधीच पॉलिप झालेल्या माणसांवर. भाकर आयुष्यभर खाल्ली जाते. गोळीसारखी तिची चाचणी घेता येत नाही.

शिळ्या भाकरीबद्दलही सांगायला हवं, कारण ती पातूरच्या सकाळची न्याहारी आहे. गरम भाकर थंड झाली की तिच्यातल्या पिठाचे काही रेणू पुन्हा घट्ट बांधले जातात आणि पचायला अवघड होतात. या पिठूळ भागाला शास्त्रज्ञ अपचनीय स्टार्च म्हणतात आणि तोही मोठ्या आतड्यात जाऊन ब्युटिरेट बनवतो. ताकात कुस्करलेली रात्रीची भाकर गरिबीची खूण मानली गेली, म्हणून मुलं ती टाळतात आणि पाकिटातली बिस्किटं मागतात. बिस्किटांच्या मैद्यात त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंसाठी जवळजवळ काहीच नसतं.

मांसाचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, हॅम वगैरे, कर्करोगजनक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्याचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. वऱ्हाडातल्या पाहुणचारातलं रस्सेदार मटण या वर्गात मोडत नाही. लाल मांसाला ‘बहुधा कर्करोगजनक’ असा शिक्का आहे. दारूचा धोका मात्र निःसंशय आहे.

आता हळद. पातुरात आयुर्वेदाचं महाविद्यालय आहे, घरोघरी हळदीचं दूध आहे आणि कर्करोगाचा रुग्ण घरात असला की हळदीच्या गोळ्या, काढे, चूर्णं आपोआप येऊन पडतात. त्यामागे निव्वळ अंधश्रद्धा आहे असं मी म्हणणार नाही. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुमती भिडे यांच्या गटाने उंदरांना आहारातून हळद देऊन पाहिली आणि रसायनांनी होणाऱ्या जठराच्या व त्वचेच्या गाठी कमी झाल्याचं १९९२ मध्ये दाखवलं. हळदीतल्या करक्युमिनवर तेव्हापासून हजारो निबंध आले आहेत.

त्यातले बरेच निबंध कसे तयार होतात हे वाचकाने एकदा पाहावं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवल्या जातात. त्यातल्या एचटी-२९ या पेशी १९६४ मध्ये अमेरिकेत एका ४४ वर्षांच्या स्त्रीच्या मोठ्या आतड्याच्या गाठीतून काढल्या गेल्या आणि आजतागायत वाढत आहेत. चपट्या बाटलीच्या तळाला त्या चिकटून वाढतात. वर गुलाबी पोषकद्रव, ३७ अंश उष्णता, हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. संशोधक त्या ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या तबकडीत वाटतात, प्रत्येक खळग्यात करक्युमिनची वेगवेगळी मात्रा घालतात आणि दोन दिवस थांबतात. मग एमटीटी नावाचं पिवळं रसायन टाकतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक बनवतात. जांभळा रंग जितका फिका, तितक्या कमी पेशी जिवंत. निबंधात मग ‘हळदीने कर्करोगाच्या पेशी मारल्या’ असं येतं आणि वर्तमानपत्रात त्याची बातमी होते.

यात दोन अडचणी आहेत. करक्युमिन स्वतःच पिवळंधमक आहे आणि रंगावर चालणाऱ्या चाचण्यांना ते सहज फसवतं. दुसरी अडचण मोठी आहे. तबकडीत जेवढं करक्युमिन टाकतात, त्याच्या शेकडो पटींनी कमी ते माणसाच्या रक्तात पोहोचतं, अगदी काही ग्रॅम शुद्ध अर्क गिळला तरी. स्वयंपाकाच्या हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के असतं. म्हणजे भाजीत चमचाभर हळद पडली तरी साऱ्या घराच्या वाट्याला मिळून शंभरेक मिलिग्रॅम येणार. रक्तात न शोषलेलं करक्युमिन आतड्यातूनच पुढे जातं, त्यामुळे आतड्याच्या अस्तराला ते भेटतं, हे खरं आहे. म्हणूनच या कर्करोगाबाबत आशा टिकून होती. ज्यांच्या आतड्यात आनुवंशिक दोषामुळे शेकडो पॉलिप होतात अशा ४४ रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली. रोज तीन ग्रॅम करक्युमिन, वर्षभर. २०१८ मध्ये निकाल आला: पॉलिपांची संख्या आणि आकार, दोन्हींत फरक नाही.

भाजीत हळद असावी. तिने कुणाचं वाईट केलेलं नाही. कर्करोगाचं औषध म्हणून तिची गोळी घेणं ही वेगळी गोष्ट आहे. ती का वेगळी, हे कळण्यासाठी औषधांकडे वळू.

या रोगाचं मुख्य औषध साठ वर्षांहून अधिक काळ एकच आहे. त्याचं नाव ५-फ्लुओरोयुरॅसिल. रुग्णांच्या तोंडी ते ‘फाइव्ह एफयू’ असतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडेलबर्गर यांनी १९५७ मध्ये ते जाहीर केलं. उंदरांच्या गाठी युरॅसिल नावाचा रेणू निरोगी पेशींपेक्षा जास्त ओढून घेतात हे आधी दिसलं होतं. हायडेलबर्गर यांनी त्या रेणूवर फ्लोरीनचा एक अणू बसवला. पेशी तो नेहमीचा म्हणून आत घेते आणि फसते. डीएनएचं एक अक्षर, थायमिन, तयार करणारं एन्झाइम त्याने जाम होतं. अक्षर नाही तर डीएनएची नक्कल अर्धवट राहते, तुटते आणि पेशी अपोप्टोसिसच्या वाटेला लागते.

हे एन्झाइम एकटं काम करत नाही. त्याला फोलेट लागतं, म्हणजे हिरव्या भाज्यांतलं आणि डाळींतलं जीवनसत्त्व. फोलेटचा शोध मुंबईत सुरू झाला हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईला आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बाया पांढऱ्याफटक पडून दगावत होत्या, त्यांच्या रक्तक्षयाचं कारण तिला शोधायचं होतं. डॉ. मेहता आणि डॉ. तळपदे या इथल्या सहकाऱ्यांबरोबर तिने त्या बायांच्या घरी काय शिजतं याचाही अभ्यास केला. यीस्टचा अर्क, मार्माइट नावाचा स्वस्त खाद्यपदार्थ, देताच त्यांचं रक्त भरून येऊ लागलं. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून तो घटक वेगळा काढला गेला आणि त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळालं.

त्या गिरणी-कामगार स्त्रियांच्या रक्तात जी पेशी-विभागणी अडली होती, तीच आज कर्करोगाच्या पेशीत मुद्दाम अडवली जाते. आणि इथे एक उफराटी गोष्ट घडते. ५-फ्लुओरोयुरॅसिलबरोबर फोलेटचाच एक प्रकार, ल्युकोव्होरिन, सलाइनमधून देतात. औषध, एन्झाइम आणि फोलेट या तिघांची अशी घट्ट गाठ बसते की ती सुटत नाही आणि औषधाचा मारा वाढतो. पोषण देणारा रेणू इथे मारणाऱ्याचा साथीदार होतो. प्रमाण आणि वेळ बदलली की रेणूचं काम बदलतं.

पातूरच्या रुग्णाला याचा थेट उपयोग आहे. हल्ली अनेकांना याच औषधाचं गोळीतलं रूप, कॅपेसिटाबिन, देऊन घरी पाठवतात. अशक्तपणा वाटतो म्हणून नातेवाईक मेडिकलमधून ताकदीच्या गोळ्या आणतात. त्यांत बहुधा फोलिक आम्ल असतं. चांगल्या हेतूने दिलेली ती गोळी कॅपेसिटाबिनचा विषारी परिणाम वाढवू शकते. तोंड येणं, जुलाब, हातापायांची सालं निघणं हे त्यातून बळावतं. आंबाडीच्या भाजीतलं फोलेट चालतं. गोळीतलं डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

दुसऱ्या औषधाचा धागा तर नंदुरबारपर्यंत जातो. मनसुख वाणी १९२५ मध्ये नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले आणि अमेरिकेत गेले. नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी एका चिनी झाडाच्या सालीतून १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं केलं. टॅक्सॉल हे कर्करोगाचं दुसरं प्रसिद्ध औषधही याच जोडीचं. १९७२ मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात डॉ. टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांना तेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या एका झाडात सापडलं, आणि तेही भरपूर. ते झाड म्हणजे नरक्या. महाबळेश्वरपासून आंबोलीपर्यंतच्या जंगलात ते वाढतं. पानं चुरगाळली की घाण वास येतो, त्यामुळे कुणी त्याच्या वाटेला जात नसे.

कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेलं इरिनोटेकान आज मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात जगभर वापरतात. डीएनएची नक्कल होताना त्याला पीळ पडतात. ते सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज नावाचं एन्झाइम एक धागा कापतं, पीळ जाऊ देतं आणि पुन्हा जोडतं. इरिनोटेकान नेमकं कापल्यानंतर आणि जोडण्याआधी त्याला धरून ठेवतं. कापलेला डीएनए तसाच राहतो आणि पेशीला मरावं लागतं. जगातल्या या मागणीची किंमत नरक्याने चुकवली. सह्याद्रीत त्याची बेसुमार तोड झाली, लाकूड भुसा करून परदेशी गेलं आणि अनेक डोंगरांवरून झाड दिसेनासं झालं. ज्या झाडाने लाखो रुग्णांना महिने-वर्षं दिली, त्याचं आपण असं करावं याची मला खंत वाटते.

इरिनोटेकानचा त्रास म्हणजे जोरदार जुलाब. यकृत हे औषध साखरेचा एक रेणू जोडून निरुपद्रवी करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. तिथले काही जिवाणू ती साखर खाण्यासाठी तोडून घेतात, औषध पुन्हा जागं होतं आणि निरोगी अस्तर जाळतं. म्हणजे जिवाणू ब्युटिरेट देतात तसे हे दुखणंही देतात. अशा दिवसांत ‘ज्वारी चांगली’ म्हणून रुग्णाला भाकर आणि आंबाडी खायला लावू नये. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, मीठ-साखरेचं पाणी, आणि जुलाब थांबेनात तर ताबडतोब दवाखाना. ऑक्झालिप्लाटिन हे तिसरं औषध चालू असेल तर माठातलं गार पाणीसुद्धा घशाला आणि बोटांना झोंबतं. काही दिवस कोमट पाणीच द्यावं.

हळदीच्या गोळीचा प्रश्न इथे परत येतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना कॅम्प्टोथेसिन दिलं आणि जोडीला करक्युमिन. पेशी जास्त मरतील अशी कुणाचीही अपेक्षा असती. त्या कमी मेल्या. करक्युमिनने मरणाच्या संदेशातला एक दुवा दाबून टाकला होता. आतड्याच्या पेशींवरच्या काही प्रयोगांत उलटही दिसलं आहे, करक्युमिनने औषधाला मदत केली. जेव्हा प्रयोगशाळेत दोन्ही बाजूंचे निकाल असतात, तेव्हा चालू उपचारात स्वतःच्या मनाने अर्क घेणं हा आपल्या माणसाच्या जिवावरचा जुगार ठरतो.

साध्या ॲस्पिरिनची कहाणी याहून पक्की आहे. ऑस्ट्रेलियात गॅब्रिएल क्यून यांना १९८८ मध्ये दिसलं, की ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हा कर्करोग कमी आहे. सूज वाढवणारं कॉक्स-२ एन्झाइम पॉलिपच्या पेशींना वाढायला आणि मरण टाळायला मदत करतं. ॲस्पिरिन त्याला रोखतं. लिंच हा आनुवंशिक दोष असलेल्या ८६१ लोकांना दोन ते चार वर्षं ॲस्पिरिन किंवा नुसती पिठाची गोळी देण्यात आली. पुढे दहा ते वीस वर्षांच्या नोंदींत ॲस्पिरिनच्या गटात ९ टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात १३ टक्क्यांना आतड्याचा कर्करोग झाला. २०२५ मध्ये उत्तर युरोपातल्या चाचणीचा निकाल आला. गाठीच्या पेशींत संदेशवहनाच्या एका ठरावीक मार्गाची जनुकं बिघडलेल्या रुग्णांनी शस्त्रक्रियेनंतर रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतलं, तर तीन वर्षांत रोग उलटण्याचं प्रमाण १४.१ वरून ७.७ टक्क्यांवर आलं. एका स्वस्त, जुन्या गोळीने केलेलं हे काम आहे. पण तिनेच जठरातून रक्तस्राव होतो, आणि सत्तरी ओलांडलेल्या निरोगी माणसांत ॲस्पिरिनने कर्करोगाचे मृत्यू कमी केले नाहीत, उलट थोडे वाढलेले दिसले. कुणी घ्यायची हे गाठीची तपासणी पाहून डॉक्टरांनी ठरवावं.

खाणं आणि औषध पेशीच्या त्याच दारांतून आत जातात हे खरं. फोलेटचं एन्झाइम एक, अपोप्टोसिसची यंत्रणा एक. काळ मात्र दोघांचा वेगळा आहे. भाकरीचं काम तिशी-चाळिशीत, पॉलिप व्हायच्या आधी, मूठभर ब्युटिरेटने रोज चालतं. गाठ उभी राहिल्यावर तिच्यात इतकी जनुकं बिघडलेली असतात की भाकरीचा हुकूम तिथे ऐकला जात नाही. तिथे शस्त्रक्रिया आणि नरक्याच लागतो. जो रोग झाल्यावर भाकर आणि काढ्यावर विसंबतो, तो दहा वर्षं उशिरा आलेला असतो.

आपल्याकडे हा उशीर एका समजुतीमुळे फार होतो. शौचातून रक्त गेलं की मूळव्याध म्हणायचं, जाहिरातीतल्या वैद्याचं मलम लावायचं, लाजेपोटी घरात बोलायचं नाही. रक्त जात असेल, शौचाची सवय दोन-तीन आठवड्यांहून जास्त बदललेली असेल, विनाकारण वजन किंवा रक्त कमी होत असेल, तर मलम बाजूला ठेवून डॉक्टरांकडून बोटाने आणि लागलं तर दुर्बिणीने तपासून घ्यावं. घरात कुणाला पन्नाशीच्या आत हा रोग झाला असेल तर त्रास नसतानाही जावं. दुर्बिणीत पॉलिप दिसला तर तो तिथल्या तिथे काढता येतो. पातूरहून अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तासाभराच्या वाटेवर आहे, पुढच्या उपचारांसाठी नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं आणि काढे पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. रोग आतड्याच्या भिंतीतच सापडला तर पाच वर्षांनी दहांपैकी नऊ रुग्ण हयात असतात, हे अमेरिकेच्या नोंदींतून दिसतं. यकृतापर्यंत पोहोचल्यावर सापडला तर दहांपैकी एक किंवा दोन.